वहीतली नावे

९ मार्च २०२० ला होळी होती. पुण्याच्या गल्ल्यांतून एरंडाची फांदी उभी करून भोवती गोवऱ्या रचल्या जात होत्या, घरोघरी पुरण शिजत होते, आणि त्याच संध्याकाळी बातमी आली. दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या एका जोडप्याला कोरोनाची लागण झाली असून दोघांना नायडू रुग्णालयात ठेवले आहे. महाराष्ट्रातले ते पहिले दोन रुग्ण. दुसऱ्या दिवशी धुळवड होती, आणि १० मार्च म्हणून सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिनही होता. १८९७ साली याच तारखेला, याच शहरात, प्लेगने त्या गेल्या. डॉक्टर झालेल्या मुलाला, यशवंतरावांना, लष्करी नोकरीतून रजेवर बोलावून त्यांनी हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात दवाखाना काढायला लावला होता. रुग्ण येण्याची वाट न पाहता त्या स्वतः त्यांना आणायला जात. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला.

या दोन तारखा शेजारीशेजारी आल्या हा योगायोगच. तरीही या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसल्यावर मला दुसरी सुरुवात सुचेना. साथ आल्यावर आजारी माणसाच्या दारापर्यंत कोण जाते, या प्रश्नाचे पुण्याचे उत्तर सव्वाशे वर्षे जुने आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत शहरातल्या संस्था-संघटनांनी काय केले हे सांगताना ते उत्तर बाजूला ठेवता येत नाही.

‘सिव्हिल सोसायटी’ला मराठीत ‘नागरी समाज’ हा शब्द रुळवण्याचा प्रयत्न बराच झाला. परिषदांमध्ये तो चालतो. वस्तीत मात्र कोणी ‘मी नागरी समाजातून आलो’ असे म्हणत नाही. तिथे ‘संस्थेच्या ताई’ असतात, ‘पंचायतीचे भाऊ’ असतात, मंडळाची पोरे असतात, ट्रस्टची गाडी असते, मशिदीची कमिटी असते, गुरुद्वाऱ्याचे लंगर असते. या सगळ्यांची विचारसरणी एक नाही, अनेकदा एकमेकांशी पटतही नाही. सरकार नव्हे आणि धंदाही नव्हे, पण चार माणसांनी एकत्र येऊन नेमाने चालवलेले काम, एवढीच त्यांच्यातली सामाईक गोष्ट. या पुस्तकात ‘संस्था’ हा शब्द त्याच अर्थाने घ्यावा.

या संस्थांबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी एका वहीच्या आधाराने सांगणार आहे.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीच्या बाजूला काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या खोलीत मी शिधा बांधायला गेलो. खोलीत गव्हाची पोती होती, तूरडाळ होती, तेलाच्या पिशव्या होत्या. टेबलावर एक दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची रेघी वही पडली होती. ती बचत गटाच्या आणि बालवाडीच्या कामासाठी चार-पाच वर्षांपासून लिहिली जात होती. नाव, गल्ली, घरात माणसे किती, रेशनकार्ड पिवळे की केशरी की नाहीच, घर स्वतःचे की भाड्याचे, अंगावर पिणारे मूल आहे का, कोणाला साखरेच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू आहेत का. ती लिहिणाऱ्या बाईंनी वही उघडली आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी: “गहू नका भरू. गिरण्या बंद आहेत. दळणार कुठं?”

आम्ही तिघे-चौघे शिकली-सवरलेली माणसे सकाळपासून गहू मोजून पिशव्यांत भरत होतो. पिठाची गिरणी बंद असेल तर गव्हाची पिशवी चुलीपर्यंत पोचत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नव्हते. मग पीठ मागवले. पुढे वहीतल्या एका पानावर बाईंनी पेन्सिलीने गोल केले. त्या पानावर नोंदलेल्या खोलीत फरशी बसवणारी चार परप्रांतीय मुले राहत. ती खानावळीत जेवत, खोलीत शेगडी नव्हती, भांडे नव्हते. त्यांना शिधा देऊन उपयोग नव्हता, शिजवलेले अन्न लागणार होते. आणखी एका घरापुढे नुसता ‘टी’ लिहिलेला होता. त्या घरातल्या माणसाच्या टीबीच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि बस नसल्यामुळे तो दवाखान्यात जाऊ शकत नव्हता. शिध्याबरोबर गोळ्याही गेल्या.

त्या आठवड्यात पुण्यात धान्य कमी पडले असे मला वाटत नाही. लोकांनी भरभरून दिले. वर्गणी आली, कंपन्यांनी ट्रक पाठवले, सोसायट्यांनी पोळ्या लाटून दिल्या. सरकारनेही ३० जूनपर्यंत रेशनकार्डावर माणशी पाच किलो धान्य मोफत जाहीर केले, शिवभोजन थाळी दहावरून पाच रुपयांवर आणली. कमी पडली ती माहिती. कोणत्या गल्लीत कोणत्या दारामागे कोण उपाशी आहे, आणि त्याला नेमके काय हवे आहे, हे ज्यांना आधीपासून ठाऊक होते त्यांचेच धान्य योग्य जागी पोचले. बाकीचे ट्रक मुख्य रस्त्यावर उभे राहिले. तिथे जो धडधाकट होता, ज्याला गर्दीत घुसता आले, त्याला दोनदा मिळाले.

माझे सांगणे एवढेच आहे. साथ आल्यावर संस्था उभी करता येत नाही. ती आधीपासून असावी लागते, तिची वही आधीपासून लिहिलेली असावी लागते, आणि वही घेऊन येणाऱ्या बाईला दार उघडले जाईल इतका तिचा त्या गल्लीत राबता असावा लागतो.

ही वही पुण्याला नवी नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिचा सभासद व्हायला निदान पन्नास माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सहा हजार माणसांच्या सह्या होत्या. ‘आम्ही लोकांच्या वतीने बोलतो’ असे नुसते म्हणून भागत नव्हते, कोणाच्या वतीने ते कागदावर दाखवावे लागत होते. सहा वर्षांनी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या सभेने आपली माणसे गावोगाव पाठवली, पिकांची, गुरांची, मजुरीच्या दराची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडत राहिली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांची मजुरी रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबाप्रमाणे कापली गेली, मजुरांनी काम टाकले, तेव्हा सभा मजुरांच्या बाजूने उभी राहिली. त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. एकीकडे जेवण घालणारे आणि दुसरीकडे हिशेब मागणारे, अशी दोन्ही कामे या शहरात तेव्हाच एकाच वेळी चालू होती. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आजकाल यातले पहिले काम सर्वांना आवडते आणि दुसऱ्याचा कंटाळा येतो.

१८९७ चा प्लेग हा याच्या उलटा धडा आहे. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा, आणि त्यातले शेवटचे कलम सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालणार नाही असे सांगणारे. त्याच्या बळावर वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने सैनिकांकरवी पेठांतली घरे तपासली. देवघरात, माजघरात बूट घालून शिपाई शिरले, सामान रस्त्यावर फेकले गेले, बायकांची विटंबना झाली. रोग्याला वेगळे ठेवणे, घर जंतुमुक्त करणे यामागचे वैद्यकीय कारण खोटे नव्हते. पण लोकांना काही समजावून न सांगता, त्यांच्यातल्या कोणाला बरोबर न घेता ते केले गेले, आणि लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. पुढचा इतिहास शाळेत शिकवला जातो.

त्या काळात शहर सोडून न जाता टिळकांनी इथे हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढले, विलगीकरण छावणीतल्या लोकांच्या जेवणाची सोय पाहिली. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या अत्याचाराबद्दल जाहीर विधान केले, पुरावा देता न आल्यामुळे परत आल्यावर माफी मागितली, आणि मग स्वतः प्लेग निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. माफीनंतर अपमानाने घरात न बसता वस्तीत जाणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. प्लेगच्या त्या दिवसांचा त्या निर्णयात वाटा असला पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हाच १८९७ चा कायदा १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. एकशे तेवीस वर्षांनी. या वेळी सैनिक घरात शिरले नाहीत. या वेळी आशाताई, अंगणवाडी सेविका आणि त्यांच्याबरोबर संस्थांचे कार्यकर्ते आले. फरक तिथे पडला.

तरी भीती होतीच. भवानी पेठ, कासेवाडी, ताडीवाला रोड, येरवडा इथल्या गल्ल्यांना पत्रे ठोकले गेले. ‘नेलेला माणूस परत येत नाही’ ही अफवा त्या पत्र्यांच्या आत फिरत होती. पेठांतल्या वस्त्यांमध्ये रा. स्व. संघाच्या जनकल्याण समितीचे स्वयंसेवक पीपीई किट घालून तपासणीला फिरले. भारतीय जैन संघटनेने फिरते दवाखाने गल्लीच्या तोंडाशी नेले. मूलनिवासी मुस्लिम मंचाच्या तरुणांनी मृतदेहांवर अंत्यसंस्कार करण्याचे काम अंगावर घेतले. नातेवाईक विलगीकरणात अडकलेले, शेजारी घाबरलेले, अशा वेळी या मुलांनी हिंदूला अग्नी दिला, मुसलमानाचे दफन केले. हे सगळे एप्रिल-मे २०२० मध्ये चालू होते. त्याच दिवसांत देशभर एका धर्माच्या लोकांना साथीसाठी जबाबदार धरले जात होते, भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवले जात होते. तेव्हाच कॅम्पातल्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा एक मजला विलगीकरणासाठी देऊ केला. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ला इबोला पसरला तेव्हाही जगाला हेच कळले होते. मृतदेहाला कोण हात लावतो आणि किती सन्मानाने लावतो, यावर लोक रोगी लपवतात की दाखवतात हे ठरते.

या पुस्तकात ज्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले असते, पण ज्यांच्याशिवाय ते अपुरे राहिले असते, त्या म्हणजे कचरावेचक बायका. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावरून भंगार वेचणाऱ्या बायकांना पंचायतीने ओळखपत्र मिळवून दिले आणि त्यावर महापालिकेची मोहोर घेतली. शहराच्या लेखी ज्या माणसाला नावच नव्हते त्याला नाव मिळाले. पुढे याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि दारोदारचा कचरा उचलू लागली. टाळेबंदीत आपण सगळे घरात बसलो तेव्हा सकाळी सातला ढकलगाडीचा आवाज येतच होता. मास्क, हातमोजे, आजारी माणसाचे टिश्यू पेपर ओल्या कचऱ्यात कालवलेले असत आणि त्या ते हाताने निवडत. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला त्यांनी आधीपासून विनवले होते. कोरोनात मास्कसाठीही तेच सांगितले. ठिपका काढायला दहा सेकंद लागतात. आमच्या इमारतीतल्या बत्तीस घरांपैकी किती घरांनी तो काढला हे मी मोजले होते. सहा.

घरकाम करणाऱ्या बायकांचे दुःख वेगळे होते. गृहसंस्थांनी फाटकावर पाट्या लावल्या. काही घरांनी मार्चचा पगार दिला, एप्रिलचा निम्मा, मेपासून फोन उचलणे बंद. इथेही ज्या बायका मोलकरणींच्या संघटनेत होत्या त्यांच्यासाठी बोलायला कोणी तरी होते. ज्या नव्हत्या त्यांच्या वाट्याला गप्प बसणे आले. बुधवार पेठेत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा धंदा एका दिवसात थांबला. त्यांच्यासाठी सहेली संघ उभा होता, कारण तो एड्सच्या काळापासून तिथे होता. सांगलीत संग्राम संस्थेनेही त्याच काळापासून या बायकांचे संघटन बांधले आहे. आधीच्या साथीत तयार झालेली माणसेच पुढच्या साथीत उपयोगी पडतात.

मे २०२० मध्ये श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या तेव्हा पुन्हा यादीच लागली. परप्रांतीय मजुराचे नाव, आधार क्रमांक, फोन, कोणत्या जिल्ह्यात जायचे ते, डॉक्टरचा दाखला, सगळे एका तक्त्यात भरून पोलिस ठाण्यात द्यायचे. लिहिता न येणाऱ्या माणसाने हा तक्ता भरायचा कसा? कितीतरी संस्थांच्या मुलामुलींनी रस्त्याच्या कडेला बसून हजारो अर्ज भरले. कोणी लॅपटॉप मांडीवर घेऊन, कोणी कार्बन पेपर लावून. गाडी ठरलेल्या दिवशी सुटली नाही की शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

एका सर्वेक्षणाचा उल्लेख इथे करायलाच हवा. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागसमूहांत १,६६४ जणांचे रक्त तपासले गेले. त्यातल्या सरासरी ५१.५ टक्के लोकांना नकळत लागण होऊन गेलेली आढळली. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर होते. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांमध्ये ते स्वतःच्या घरात शौचालय असणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. विषाणूने जात-धर्म पाहिला नाही असे आपण भाषणांत म्हणतो. त्याने संडासाची रांग मात्र नक्की पाहिली. पुण्यातली शेल्टर असोसिएट्स ही वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांची संस्था १९९३ पासून वस्त्यांचे नकाशे काढते आहे आणि ‘एक घर, एक शौचालय’ हा आग्रह धरून घरोघरी संडास बांधून देते आहे. साथ यायच्या कितीतरी आधी बांधलेला तो संडास हेच खरे साथनियंत्रण होते. त्याची बातमी कधी पहिल्या पानावर आली नाही.

दुसरी लाट एप्रिल २०२१ ची. तिच्याबद्दल लिहिताना अजूनही हात जड होतो. पहिल्या लाटेत भूक होती, दुसऱ्यात श्वास. खाट, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर. कॉलेजातली मुले रात्ररात्र फोनवर बसून रुग्णालयांना विचारत, ‘व्हेंटिलेटर आहे का?’, आणि यादीत नावापुढे वेळ टाकत: ‘रात्री २.१०, एक खाट.’ २.४० ला ती खाट गेलेली असे. रिक्षावाल्यांनी रिक्षात ऑक्सिजनचे सिलिंडर बसवले. मराठा चेंबर ही १९३४ पासूनची उद्योजकांची संस्था. तिच्या पुढाकाराने पहिल्या लाटेतच पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्स उभा राहिला होता, म्हणून सिंगापूरहून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागवायचे ठरले तेव्हा फोन कोणाला करायचा हे शोधावे लागले नाही. उद्योजकांची वही वेगळी, त्यात परदेशी पुरवठादार आणि विमान कंपन्या. पण तीही आधीपासून होती.

चुका झाल्या आणि त्या लपवू नयेत. प्लाझ्मा दानाची शिबिरे आपण मोठ्या श्रद्धेने घेतली. बरा झालेला माणूस शोधण्यासाठी घरोघरी फोन केले. आयसीएमआरच्या चाचणीत २०२० मध्येच त्याचा उपयोग दिसला नव्हता, आणि मे २०२१ मध्ये ते उपचारसूचीतून काढले गेले. त्या मधल्या महिन्यांत आपण कितीतरी कुटुंबांना प्लाझ्मासाठी वणवण फिरवले. आर्सेनिकम अल्बमच्या होमिओपॅथिक गोळ्यांच्या बाटल्या मंडळांनी वॉर्डावॉर्डांत वाटल्या आणि ‘मी गोळ्या घेतल्यात’ म्हणून माणसे मास्क न लावता फिरली. सेवेची इच्छा शास्त्राची जागा घेऊ शकत नाही. ज्या संस्थांनी एखादा डॉक्टर किंवा आकडेशास्त्र जाणणारा माणूस सल्ल्याला बरोबर ठेवला, त्या या चुकांतून लवकर बाहेर पडल्या.

फोटोंचाही प्रश्न होता. देणगीदारांना पिशवी घेणाऱ्याचा फोटो हवा असे. आमच्या त्या खोलीत रंगकाम करणाऱ्या एका माणसाची बायको आली होती. आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता तिने. फोन समोर धरल्यावर तिने पदर तोंडावर ओढला, पिशवी खाली ठेवली आणि निघून गेली. ती पिशवी संध्याकाळी तिच्या घरी नेऊन द्यावी लागली. त्या दिवसापासून फोटो बंद झाले. दोन देणगीदार तुटले. माझ्या मते ते तुटणेच बरोबर होते.

आता पैशाचे. निती आयोगाने २०२० मध्ये देशातल्या सुमारे ९२ हजार संस्थांना मदतीसाठी पत्र लिहिले, म्हणजे सरकारलाही या हातांची गरज ठाऊक होती. त्याच वर्षी सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला. मोठ्या संस्थेने परदेशातून आलेला पैसा छोट्या संस्थेला द्यायचा नाही आणि कार्यालयीन खर्च पन्नासऐवजी वीस टक्क्यांत बसवायचा. कार्यालयीन खर्च म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. वही लिहिणाऱ्या बाईचा पगार हा कार्यालयीन खर्च असतो. कंपन्यांच्या सामाजिक निधीचेही तेच. धान्याला पैसा मिळतो, सॅनिटायझरला मिळतो, यादी ठेवणाऱ्याला मिळत नाही.

साथ ओसरल्यावर मदतीचे हात पांगले. तेव्हा दुसरे काम उरले, हिशेब मागण्याचे. राज्य सरकारने २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. प्रत्यक्षात अनेकांनी दागिने विकून, शेत गहाण टाकून बिले भरली होती, आणि माणूसही गेला होता. जनआरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने अशा बिलांचे लेखापरीक्षण करून घ्या, जादा घेतलेले पैसे परत करा, असा आग्रह धरला. नवरा गेलेल्या बायकांची तालुक्यातालुक्यातून यादी केली. सरकारने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी वात्सल्य समित्या नेमल्या, त्यामागे या यादीचा रेटा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जाहीर झालेले ५० हजार रुपये मिळवतानाही मृत्यूच्या दाखल्यावर कारण नेमके काय लिहिले आहे, यावर आठ-आठ हेलपाटे झाले. त्या हेलपाट्यांत बरोबर चालणारे कोणी तरी असणे, ही मदत मला धान्याच्या पिशवीपेक्षा मोठी वाटते.

संस्था सरकारची जागा घेऊ शकत नाहीत. लस पुण्यातच, मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली आणि १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पहिला ट्रक इथूनच निघाला. पण कोट्यवधी लोकांपर्यंत ती मोफत नेणे हे सरकारी यंत्रणेचेच काम होते आणि तिनेच ते केले. ससूनच्या वॉर्डात रात्रपाळी करणारी परिचारिका, वैकुंठात आणि कैलास स्मशानभूमीत उभे असलेले महापालिकेचे कर्मचारी यांना पर्याय नाही. संस्था फक्त त्या यंत्रणेला दार दाखवतात आणि यंत्रणा दार चुकली की तिला हाक मारतात. हाक मारणाऱ्याला शत्रू समजण्याची सवय सरकारांनी सोडावी. सार्वजनिक सभेपासूनचा अनुभव असा की ती सवय शेवटी लोकांच्याच जिवावर उठते.

पुढच्या पानांत ज्यांनी लिहिले आहे त्यातले बरेच जण लेखक नाहीत. काहींनी सांगितले आणि दुसऱ्याने लिहून घेतले. भाषा कुठे अडखळते, तारखा कुठे मागेपुढे होतात. वाचकाने त्याकडे दुर्लक्ष करावे आणि माणसे काय करत होती तिकडे पाहावे.

आणि एक विनंती. पुढची साथ, पूर किंवा दुष्काळ येईल तेव्हा तुम्ही देणगी द्यालच, याबद्दल मला शंका नाही. पण आत्ता, काहीही घडत नसताना, तुमच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत काम करणारी एक संस्था शोधा. तिच्या कार्यालयात जा, वर्षाची वर्गणी भरा, आणि ‘वही कोण लिहितं?’ एवढे विचारा. ज्या बाईंकडे बोट दाखवले जाईल त्यांच्या पगाराला ती वर्गणी लावा असे पावतीवर लिहून घ्या.